वाचकांचे प्रश्न : पाहुणा आला की अंग हलवणारे स्फटिक

सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि धातू-सेंद्रिय चौकटींबद्दलची पत्रे एकदम वाढली. प्रयोगशाळेत यांना सगळे नुसते ‘मॉफ’ म्हणतात. धातूचे अणू किंवा त्यांचे छोटे पुंजके हे सांधे, त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू हे लिंकर, आणि दोहोंतून उभी राहिलेली पोकळ, सच्छिद्र स्फटिकाची इमारत म्हणजे मॉफ. या वेळी त्यातल्या एकाच शाखेवरचे प्रश्न निवडले आहेत: आत बाहेरचा रेणू, म्हणजे ‘पाहुणा’, शिरला किंवा आतला निघून गेला की ज्यांचा आकारच बदलतो, असे लवचीक मॉफ.

प्रश्न : स्फटिक म्हणजे आपापल्या जागी पक्के बसलेले अणू. मग तो दीडपट-दुप्पट फुगतो आणि तरीही तुटत नाही, हे कसे?

तुटत नाही, कारण कोणताही बंध फारसा ताणला जात नाही. बदलतात ते कोन. जाळीचा सरकता दरवाजा डोळ्यांसमोर आणा. पट्ट्यांची लांबी तीच राहते, खिळ्यांभोवती त्या फिरतात आणि चौकोनाचा कधी रुंद तर कधी अरुंद समभुज होतो.

‘मिल-५३’ हा ॲल्युमिनियम आणि टेरेफ्थॅलेट या लिंकरचा मॉफ नेमके हेच करतो. (मिल हे नाव व्हर्सायच्या लाव्हाझिए संस्थेवरून पडले. जेरार फेरे यांच्या गटाने हे कुटुंब घडवले.) छापील आकडे घेऊन हिशेब स्वतः करून पाहता येतो. रिकाम्या, उघड्या अवस्थेत समभुजाचे कर्ण १६.७ आणि १२.८ अँगस्ट्रॉम असतात. पाणी शोषून मिटलेल्या अवस्थेत तेच कर्ण १९.५ आणि ७.६ होतात. आता दोन्हीकडे अर्ध्या कर्णांवरून समभुजाची बाजू काढा. पहिल्यात १०.५ येते आणि दुसऱ्यातही १०.५ च येते. म्हणजे पट्टीची लांबी हलली नाही. या समभुजांतून आरपार जाणाऱ्या बोगद्याच्या दिशेची लांबीही ६.६ च्या आसपासच राहिली. एवढे होऊन एकक पेशीचे (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत छोट्या ठोकळ्याचे) घनफळ मात्र १४१२ वरून ९४७ घन अँगस्ट्रॉमवर आले, म्हणजे एक तृतीयांश कमी झाले.

खिळ्याचे काम करतो लिंकरच्या टोकाचा कार्बॉक्सिलेट गट. त्याच्या दोन ऑक्सिजनना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती लिंकर गुडघ्यासारखा वाकतो. ‘मिल-८८’ मध्ये हेच छत्रीसारखे होते: आडवा फुगतो आणि उभा आखूड होतो. त्यात कोरड्या अवस्थेपासून द्रावकाने पूर्ण फुगेपर्यंतची वाढ फ्यूमारेट लिंकर असेल तर सुमारे ८५ टक्के होते, आणि लांब बायफिनाइल लिंकर असेल तर २३० टक्क्यांच्या घरात जाते. काडी लांब तेवढी छत्री मोठी.

पण सांधा वाकू शकतो म्हणून प्रत्येक मॉफ हलतो असे नाही. ‘यूआयओ-६६’ मध्ये झिर्कोनियमच्या प्रत्येक पुंजक्याला १२ लिंकर बांधलेले असतात. तिथे समभुज नाहीत, त्रिकोण आहेत, आणि त्रिकोणी कैची डगमगत नाही. शिवाय नुसती भूमितीही पुरत नाही. ‘मिल-४७’ ची चौकट मिल-५३ सारखीच आहे. फक्त धातू व्हॅनेडियम आहे आणि धातूंच्या साखळीत हायड्रॉक्सिलच्या जागी नुसता ऑक्सिजन. हा मॉफ कार्बन डायऑक्साइड आत घेतो, पण मिटत नाही. पाहुण्याला धरून ठेवणारा हायड्रॉक्सिलचा हात तिथे नसतो.

प्रश्न : कितागावांच्या संदर्भात ‘तिसरी पिढी’ असा शब्द वाचला. या पिढ्या काळाच्या आहेत का?

नाही, वागणुकीच्या आहेत. १९९८ मध्ये कितागावांनी मांडलेली ही वर्गवारी अशी: पहिल्या पिढीतून पाहुणे रेणू काढले की चौकट कोसळते. दुसरी रिकामी होऊनही जशीच्या तशी उभी राहते. तिसरी रिकामी झाली की रूप बदलते आणि पाहुणा परतला की पूर्वपदावर येते. आज बनवलेला मॉफसुद्धा पहिल्या पिढीचा निघू शकतो, आणि पुष्कळदा निघतोच.

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मिल-५३ ॲल्युमिनियम बनवला. एक्स-रे डिफ्रॅक्शनमधली शिखरे पेपरातल्या आलेखाशी जुळत नाहीत. पदार्थ चुकला का? कृती आणि तपासणी नीट सांगाल का?

पदार्थ बहुधा बरोबर आहे. तुम्ही त्याला एका अवस्थेत मोजला आणि तुलना केली दुसऱ्या अवस्थेशी. या मॉफचे तीन चेहरे आहेत आणि तिन्ही वेगवेगळे ओळखता यायला हवेत.

आधी मूळ कृती. ॲल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट १.३० ग्रॅम, टेरेफ्थॅलिक ॲसिड ०.२८८ ग्रॅम, पाणी ५ मिलिलीटर. टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये २२० अंश सेल्सिअसला तीन दिवस. या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब २३ बारपर्यंत जातो, म्हणून झाकणाची काचेची बाटली इथे चालत नाही. अस्तर दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. क्रोमियमच्या मिल-५३ ची मूळ कृती हायड्रोफ्लुओरिक ॲसिडवर चालते. प्रकल्पासाठी तिच्या वाटेला जाऊ नये, हे आमचे स्पष्ट मत.

यात मोलच्या हिशेबाने ॲल्युमिनियम ॲसिडच्या दुप्पट आहे, तेव्हा उत्पादन ॲसिडवर ठरते. मात्र पांढरी पूड निघते तिच्या बोगद्यांत न जुळलेले टेरेफ्थॅलिक ॲसिडच अडकलेले असते, दर ॲल्युमिनियममागे साधारण ०.७ रेणू. म्हणजे घातलेल्या ॲसिडपैकी चाळीस टक्के पाहुणा म्हणून खर्च होते. रिकामा पदार्थ हाती लागेल तो ०.२१ ग्रॅमच्या आसपास. कागदावर ०.३६ ग्रॅम मांडून ‘उत्पादन कमी आले’ असे लिहिणारे बरेच असतात, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आता तीन चेहरे. आकडे तांब्याच्या के-अल्फा किरणांसाठी, दोन थीटामध्ये (किरण किती अंशांनी वळला तो कोन).

ॲसिड आत असलेला कच्चा माल: पहिली दोन ठळक शिखरे ८.९ आणि १०.३ अंशांजवळ.
रिकामा, उघडा: ८.७ आणि १०.६ अंशांजवळ.
हवेतले पाणी पिऊन मिटलेला: ९.४ आणि १२.५ अंशांजवळ.

पहिले दोन चेहरे वरवर सारखे दिसतात आणि घोटाळा तिथेच होतो. एकेका शिखराची जागा पाहू नका, दोन शिखरांमधले अंतर मोजा. कच्च्या मालात ते १.४ अंश असते, रिकाम्यात १.९. नमुना धारकात जरा वर-खाली बसला तर दोन्ही शिखरे मिळून सरकतात, पण अंतर जवळपास तेच राहते.

तुमच्या पत्रात ९.४ आणि १२.५ अंशांची शिखरे आहेत. म्हणजे रिकामा करण्याचे काम फत्ते झाले होते. नंतर नमुना उघड्यावर राहिला आणि त्याने दर ॲल्युमिनियममागे एक पाण्याचा रेणू घेतला. घुमटबंद धारक असेल तर गरम नमुना कोरड्या हवेत त्यात भरा. नसेल तर मिटलेल्या रूपाचाच आलेख छापा आणि तसे स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

रिकामे करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ३३० अंशांना हवेत तीन दिवस भाजणे. दुसरा म्हणजे गरम डीएमएफने (डायमिथिल फॉर्मामाइड या द्रावकाने) ॲसिड धुऊन काढायचे, मग मिथेनॉलने डीएमएफ बदलायचे (दिवसातून दोनदा ताजे मिथेनॉल, निदान दोन-तीन दिवस) आणि शेवटी निर्वातात गरम करायचे. डीएमएफ उकळते १५३ अंशांना आणि हायड्रॉक्सिलला चिकटूनही राहते. मिथेनॉलची पायरी गाळून थेट निर्वातात टाकले तर थोडे डीएमएफ आत उरते, आणि मग मॉफ ‘कमी लवचीक’ असल्याचा भास होतो. डीएमएफ त्वचेतून अंगात जाते, म्हणून हे काम फ्यूमहूडखाली आणि योग्य हातमोजे घालूनच.

खात्री टीजीएने, म्हणजे नमुना तापवत त्याचे वजन मोजून, करा. मिटलेल्या ओल्या नमुन्याचे वजन १०० अंशांच्या आसपास ८ टक्के घटायला हवे (पाण्यासह रेणुभार २२६, त्यापैकी पाणी १८). २७५ ते ४२० अंशांच्या पट्ट्यात उतार दिसला तर ॲसिड अजून आत आहे. पूर्ण कच्च्या मालात ही घट ३५ टक्क्यांच्या पुढे असते. चौकट स्वतः ५०० अंशांच्या आसपास मोडते, आणि कोरड्या रिकाम्या नमुन्याच्या वजनाच्या २४.५ टक्के ॲल्युमिना मागे राहतो. राख ३० टक्के आली तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड मिसळले आहे असे समजा. ते अस्फटिकी असेल तर एक्स-रेमध्ये दिसणारच नाही.

प्रश्न : ऑटोक्लेव्ह नाही. मिल-५३ साध्या काचेत होतो का?

होतो. टेरेफ्थॅलिक ॲसिड पाण्यात विरघळत नाही म्हणूनच एवढी उष्णता लागते. त्याचा सोडियम क्षार करून घ्या. १.६६ ग्रॅम ॲसिडला ०.८० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात दिले की ते पूर्ण विरघळते. हे द्रावण ३.७५ ग्रॅम ॲल्युमिनियम नायट्रेटच्या द्रावणात ढवळत ढवळत, थेंबाथेंबाने सोडायचे. खोलीच्या तापमानालाही मिल-५३ तयार होतो.

अडचण अशी की चौकट बनताना दर ॲल्युमिनियममागे एक प्रोटॉन सुटतो. मिश्रण आम्ल होते आणि काही टेरेफ्थॅलिक ॲसिड परत साका म्हणून खाली बसते. ते धुऊन काढावेच लागते. आम्लता मारायला सोडियम हायड्रॉक्साइड वाढवत गेलात तर उलट बाजूने ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड येते. आणि असे मिळालेले कण फार बारीक, नॅनो मापाचे असतात. ते मोठ्या स्फटिकासारखे वागतील अशी अपेक्षा ठेवू नका. का, ते पुढे एका उत्तरात आहे.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडच्या आयसोथर्ममध्ये (एकाच तापमानाला, दाबाप्रमाणे किती वायू शोषला त्याचा आलेख) दोन पायऱ्या येतात आणि परतीची रेघ जाताना आलेल्या रेघेवर बसत नाही. यंत्र बिघडले आहे का?

आधी यंत्राला निर्दोष ठरवा. त्याच नळीत, त्याच तापमानाला एखादा ताठ पदार्थ, झिओलाइट १३एक्स किंवा यूआयओ-६६, मोजा. त्याच्या जाण्या-येण्याच्या रेघा एकमेकींवर बसल्या तर यंत्र ठीक, आणि तुमचा मॉफ श्वास घेतो आहे.

मिल-५३ मध्ये खोलीच्या तापमानाजवळ घडते ते असे. रिकामी चौकट उघडी असते. एक बारच्याही आत कार्बन डायऑक्साइडचे थोडे रेणू शिरतात, हायड्रॉक्सिलला धरतात, आणि भिंती जवळ आल्या तर एकाच रेणूला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. म्हणून चौकट मिटते. या टप्प्यावर ग्रॅममागे २-३ मिलिमोल वायू घेऊन आलेख सपाट होतो. दाब वाढत ५-६ बारपर्यंत गेला की हिशेब पालटतो. मिटलेल्या घरात आणखी कोणी मावत नाही, उघड्यात मात्र तिप्पट मावतात. चौकट पुन्हा उघडते आणि दुसरी पायरी दिसते. उघड्या आणि मिटलेल्या रूपांतला ऊर्जेचा फरक मोलमागे काही किलोज्यूलच असतो. म्हणून तर वायूच्या दोन-तीन रेणूंची जवळीक निकाल फिरवू शकते. मिथेनचे आकर्षण एवढे नाही, त्यामुळे त्याच तापमानाला मिथेनचा आलेख साधा, पायऱ्यांविना येतो.

जाताना आणि येताना रेघ वेगळी पडते, कारण एका रूपातून दुसऱ्यात जाताना मध्ये ऊर्जेचा उंबरठा आहे. उंबरठा दोन्ही बाजूंनी ओलांडावा लागतो, म्हणून उघडण्याचा दाब जास्त आणि मिटण्याचा कमी.

खरा घोळ मोजण्याच्या घाईत होतो. पायरीजवळ चौकट हळू हलते. यंत्राने ठरलेल्या काही सेकंदांत दाब स्थिर मानला तर सरळ उभी पायरी तिरपी होते, आणि मग त्या तिरपेपणाचे नाना अर्थ लावले जातात. पायरीच्या आसपास वायूचा डोस लहान करा आणि समतोलाचा अवधी वाढवा, लागल्यास एका बिंदूला तासभर द्या. पायरी बरोबर पकडली गेली असेल तर एक ओळखीची खूण दिसते: डोस दिल्यावर दाब चढतो आणि पुन्हा त्याच आकड्यावर येऊन बसतो. तीन-चार डोस गेले तरी दाब तोच आणि घेतलेला वायू मात्र वाढत जातो.

तापमानही सांभाळा. दार उघडण्याचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. त्या संक्रमणाची उष्णता मोलमागे २० किलोज्यूल धरली तर ० ऐवजी २५ अंशांना मोजताना हा दाब दुपटीहून थोडा जास्त येईल. दोन पेपरांतले ‘दार-दाब’ जुळत नाहीत अशी तक्रार करण्याआधी तापमान पाहावे.

मिल-५३ ॲल्युमिनियमची एक खोड मात्र भल्याभल्यांना फसवते. पाहुणा नसतानाही तो नुसत्या थंडीने मिटतो, १२५ ते १५० केल्विनच्या दरम्यान. पुन्हा उघडायला मात्र ३२५ ते ३७५ केल्विन लागतात. म्हणजे निर्वातात असलेला नमुना द्रव नायट्रोजनमध्ये बराच वेळ राहिला, नंतर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणला, तरी तो मिटलेलाच असू शकतो. त्यावर लगेच कार्बन डायऑक्साइड मोजला तर पहिली पायरी गायब! दोन मोजण्यांमध्ये नमुना निर्वातात १२० अंश सेल्सिअसच्या वर नेऊन आणा. नोंदवहीत फक्त ‘सक्रिय केला’ असे लिहू नका. कधी, किती अंशांना, आणि त्यानंतर तो कशाकशातून गेला तेही लिहा. लवचीक मॉफचा आयसोथर्म हा पदार्थाचा जितका असतो तितकाच त्या नमुन्याच्या इतिहासाचा असतो.

प्रश्न : दाब वाढवला तर वायू बाहेर पडतो असा मॉफ आहे म्हणे. हे उष्मागतिकीच्या विरुद्ध नाही का?

आहे तसा मॉफ, आणि विरुद्ध काही नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने २०१६ मध्ये ‘डीयूटी-४९’ या तांब्याच्या मॉफमध्ये हे दाखवले, मिथेनसाठी १११ केल्विनला आणि ब्युटेनसाठी खोलीच्या तापमानाला. वायू भरत असताना मोठी छिद्रे एका क्षणी आकसतात, आत मावेनासा झालेला वायू बाहेर फेकला जातो आणि बंद पात्रातला दाब आपोआप चढतो. आकसण्याआधीची उघडी अवस्था खरी समतोलाची नसतेच. ऊर्जेच्या उंबरठ्यामुळे ती गरजेपेक्षा जास्त ताणली गेलेली असते. उंबरठा ओलांडला की चौकट खालच्या ऊर्जेला घसरते, बस्स.

प्रयोगात असा दाब चढलेला दिसला तर लगेच आनंद करू नका. गळती आणि तापमानाचा सरकाव यांनीही दाब चढतो. गळतीचा दाब चढतच राहतो. खऱ्या आकुंचनाचा दाब चढून नव्या आकड्यावर थांबतो आणि दुसऱ्या खेपेला त्याच ठिकाणी दिसतो. रिकाम्या नळीवर तेच डोस देऊन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : कृती तीच, लिंकर तोच, एक्स-रे आलेखही तोच. तरी माझा नमुना हलत नाही आणि सहकाऱ्याचा हलतो.

दोन्ही नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. स्फटिकांचे माप निराळे निघण्याची शक्यता मोठी. निकेलच्या ‘डीयूटी-८’ मध्ये एक मायक्रोमीटरहून मोठे स्फटिक रिकामे झाले की मिटतात आणि वायू आला की दार उघडतात. अर्ध्या मायक्रोमीटरच्या खालचे कण मात्र रिकामे होऊनही उघडेच राहतात, ताठ मॉफसारखे. डीयूटी-४९ चे वायू फेकणेही एक मायक्रोमीटरच्या खाली मावळत जाते. तांब्याच्या एका मॉफमध्ये २०१३ साली याचेच आणखी एक रूप दिसले: स्फटिक पुरेसे लहान केल्यावर पाहुणा गेल्यानंतरही चौकट उघड्या रूपाची ‘आठवण’ धरून बसली आणि तापवल्यावरच मिटली.

कारण असे की संक्रमण एका जागी सुरू होऊन सगळ्या स्फटिकभर पसरावे लागते. उघड्या आणि मिटलेल्या भागांच्या सीमेवर ताण येतो. मोठ्या स्फटिकात सुरुवातीची जागा सहज सापडते, कणभर स्फटिकात सीमेचा आणि पृष्ठभागाचा खर्च भारी पडतो. तेव्हा ढवळणे, लिंकर मिसळण्याचा वेग, तापमान वाढवण्याचा वेग, घातलेले ॲसिटिक ॲसिड, या सगळ्या ‘किरकोळ’ गोष्टी इथे कृतीचाच भाग आहेत. जलद मिसळले की बारीक कण. थोडे मोनोकार्बॉक्सिलिक ॲसिड घालून सावकाश वाढवले की बहुधा मोठे.

वापरानेही माप बदलते. मोठे स्फटिक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तडकतात. म्हणून पहिली फेरी आणि पाचवी फेरी दोन्ही छापाव्यात, सरासरी काढून नव्हे.

प्रश्न : बीईटी पृष्ठफळ (शोषलेल्या वायूवरून काढलेले आतले क्षेत्रफळ) किती लिहावे?

ज्या दाबाच्या टप्प्यात पायरी आहे त्या टप्प्यातून बीईटी काढूच नये. चौकट बदलत असताना ‘एकथरी आवरण’ या कल्पनेला अर्थ उरत नाही. पायरी टळत असेल तर कोणत्या रूपाचे पृष्ठफळ आहे ते लिहून द्या, नाहीतर छिद्रांचे घनफळ द्या. आणि ७७ केल्विनच्या नायट्रोजनने ‘छिद्रच नाही’ असा कौल दिला तर तो शेवटचा समजू नका. लोखंडाचा मिल-५३ नायट्रोजनला दाद देत नाही, पण प्रोपेन-ब्युटेनसारखे हायड्रोकार्बन त्याला पायरीपायरीने उघडतात.

प्रश्न : पूड दाबून गोळ्या केल्या तर चालतील का?

जपून. समभुज जसा वायूने मिटतो तसा दाबानेही मिटतो. क्रोमियमच्या मिल-५३ ला पाऱ्याच्या दाबाखाली मिटायला सुमारे ५५ मेगापास्कल पुरतात, आणि गोळ्यांचा साधा प्रेस याच्या कितीतरी पुढे सहज जातो. दाब काढल्यावर काही मॉफ उघडतात, काही अर्धेच. गोळीच्या आत एकमेकांत दाटलेल्या कणांना फुगायला जागाही नसते, म्हणून दार-दाब वर सरकतो आणि पायरी पसरते. दाब शक्य तितका कमी ठेवा, बांधणीला थोडा पॉलिमर वापरा, आणि आयसोथर्म पुडीचा नव्हे, गोळीचा मोजा.

प्रश्न : या सगळ्याचा उपयोग काय? ताठ मॉफ काय वाईट?

बऱ्याच कामांना ताठच बरा. लवचीकाची खरी चमक टाकी रिकामी करताना दिसते. वायू साठवणीत टाकीत किती मावले याला फार महत्त्व नाही, वापराच्या दाबापर्यंत किती बाहेर आले ते मोलाचे. ताठ मॉफ कमी दाबाला बराच वायू धरून ठेवतो आणि तेवढा वाया जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कोबाल्ट-बीडीपी’ हा मॉफ कमी दाबाला मिटलेला असतो आणि मिथेन जवळजवळ घेतच नाही. २५ अंशांना १६ बारजवळ तो उघडतो. त्यामुळे ६५ बारला भरून ५.८ बारपर्यंत रिकामा केला तर त्याच्या प्रत्येक लीटरमागे १९७ लीटर मिथेन वापरायला मिळतो. आणखी एक फायदा असा की चौकट उघडायला ऊर्जा लागते आणि ती वायू चिकटताना सुटणाऱ्या उष्णतेतून भागते. टाकी भरताना कमी तापते, रिकामी होताना कमी गार पडते.

वायू वेगळे करण्याबाबत मात्र जाहिरातीच्या भाषेला भुलू नका. ‘कार्बन डायऑक्साइडने दार उघडते, मिथेनने उघडत नाही, म्हणून निवड अचूक’ हा युक्तिवाद दोन वेगवेगळ्या शुद्ध वायूंच्या आयसोथर्मवर बेतलेला असतो. मिश्रणात कार्बन डायऑक्साइडने दार उघडले की मोकळ्या झालेल्या जागेत मिथेनही घुसू शकतो. उलट, मिश्रणातला कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) दार-दाबापेक्षा कमी असेल तर दार उघडतच नाही आणि सगळाच वायू तसाच पुढे निघून जातो. दार-दाबाखालचा उरलेला कार्बन डायऑक्साइड लवचीक मॉफ पकडत नाही. म्हणून शुद्ध वायूंच्या आकड्यांवरून काढलेली निवडक्षमता इथे ग्राह्य धरू नये. मिश्रण स्तंभातून सोडून पलीकडे कोणता वायू कधी बाहेर येतो ते मोजा, तेही ज्या दमटपणात काम करायचे आहे त्याच दमटपणात. मिल-५३ चा पहिला पाहुणा बहुतेक वेळा पाणीच असते.